सगळं धुतलं, तरी वास परत येतोय: घरात मृत्यू झाल्यानंतरच्या खोलीत काय आणि कुठे तपासायचं

मृत्यू झालेल्या घरांची सफाई हे आमचं काम. मला येणाऱ्या बहुतेक फोनांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सगळं साफ करून घेतलंय, तरी वास येतोय." बोलणारी व्यक्ती कधी मुलगी असते, कधी पुतण्या, कधी घरमालक. एकटं राहणारं माणूस गेलेलं असतं आणि ते कळायला दोन दिवस, आठ दिवस, कधी त्याहून जास्त लागलेले असतात. गादी टाकून दिलेली असते, फरशी तीन-चारदा धुतलेली असते, फिनेलच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात. चार दिवस बरे जातात. मग एखाद्या दमट दुपारी कुलूप उघडावं, तर तोच वास.

या एका तक्रारीसाठी आम्ही इतक्या घरांत गेलो आहोत की शोधायचा क्रम आता हाताला बसलाय. तोच इथे लिहितो. बिनखर्चाच्या तपासण्या आधी, फोडाफोड शेवटी. कुठे थांबून जाणकारांना बोलवायचं, तेही त्या त्या ठिकाणी सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण घाबरून नको तेवढा खर्च करणारी माणसंही भेटतात. घरात कुणी गेलं, काही तासांतच कळलं, रक्त किंवा इतर काही सांडलं नाही, तर यातलं काहीच करावं लागत नाही. चादरी-कपडे धुवा, गादीला ऊन द्या, खोली नेहमीसारखी पुसून घ्या. पुढचं सगळं लिहिलंय ते उशिरा कळलेल्या मृत्यूबद्दल, किंवा रक्त आणि शरीरातले स्राव जमिनीपर्यंत पोचले असतील त्या घरांबद्दल.

लक्षणं

वास कधी येतो आणि कुठे येतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरात निम्मं काम होतं. म्हणून काहीही हलवण्याआधी दोन-तीन दिवस कागदावर टिपून ठेवा.

उकाडा वाढला किंवा पाऊस आला की वास वाढतो, थंड कोरड्या दिवशी जवळजवळ नसतो: लाकूड, सिमेंट, गिलावा असं काहीतरी सच्छिद्र आतून भिजलेलं आहे.

उभं राहिलं की कमी, खाली वाकलं की जास्त: फरशीचे सांधे, भिंतीच्या कडेची पट्टी किंवा फरशीखालचा थर.

एसी किंवा पंखा लावल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत भपकारा येतो आणि मग ओसरतो: एसीची जाळी, आतली कॉइल, पाणी साचणारा ट्रे.

संडास-बाथरूमच्या बाजूने, सडक्या अंड्यासारखा: बहुतेक वेळा याचा मृत्यूशी काहीच संबंध नसतो. याबद्दल पुढे सांगतो.

खोलीभर मंद, पण कपाट उघडलं की तीव्र: कपडे, पुस्तकं, गाद्या-उशा.

साफसफाईनंतर दोन-तीन आठवड्यांनी अचानक माशा दिसू लागतात, विशेषतः खिडकीच्या काचेवर मोठ्या, हिरवट-निळ्या चमकणाऱ्या: घराच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कोष राहून गेलेत.

नव्या रंगातून पिवळा-तपकिरी डाग वर येतोय: भिंत आतून स्वच्छ झालेलीच नाही, तिच्यावर फक्त झाकण घातलंय.

आणि एक लक्षण असं की घरातल्या एकाच माणसाला वास येतो, बाकी कुणालाच नाही. त्याला "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणून गप्प करू नका. कधी त्याचं नाक खरंच तीक्ष्ण असतं. कधी दार उघडणारा तोच असतो आणि त्या क्षणाची आठवण वासाच्या रूपाने परत येते. दोन्ही शक्यता गृहीत धरून घर तपासायचं. घर स्वच्छ निघालं आणि तरी त्याला वास येतच राहिला, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलायला हवं. तिथे आणखी एकदा फरशी धुऊन त्या माणसाला काही मदत होत नाही.

हा वास चिवट का असतो

एवढं समजून घेतलं की पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो.

हा एक वास नसून तीन-चार कुटुंबांतल्या रसायनांचं मिश्रण असतं. प्रथिनं कुजताना प्युट्रेसिन आणि कॅडाव्हरिन ही अमाइन्स तयार होतात. लुडविग ब्रीगर या जर्मन डॉक्टरने 1885 मध्ये ती ओळखली. त्यांच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकाची संयुगं असतात, चरबीतून सुटणारी आम्लं असतात, अमोनिया असतो. अमाइन्स आम्लाने दबतात, चरबीची आम्लं अल्कलीने, गंधकाच्या संयुगांना ऑक्सिडीकरण लागतं. त्यामुळे कुठलीही एकच बाटली सगळ्यांना पुरी पडत नाही. "याने सगळे वास जातात" असं लिहिलेला फवारा मारल्यावर एक भाग दबतो, नाकाला तात्पुरतं बरं वाटतं आणि उरलेला भाग दोन दिवसांनी पुन्हा जाणवतो.

दुसरी गोष्ट चरबीची. स्रावात वितळलेली चरबी असते. ती फरशीवर, लाकडात, सिमेंटच्या भोकांत एक पातळ तेलकट थर धरून बसते. नुसतं पाणी तिच्यावरून वाहून जातं. फिनेल तिच्यावर आपला वास पसरवतं, ती जागची हलत नाही.

म्हणजे वास परत येत असेल, तर तो हवेत "राहून गेलेला" नसतो. हवा दारं-खिडक्या उघडल्या की काही तासांत बदलते. वास परत येतो कारण तो देणारा पदार्थ घरात आहे. तो सापडेपर्यंत सुगंधावर एक पैसाही खर्च करू नका, एवढं माझं ऐका.

आत जाण्याआधी

पोलिसांनी जागा मोकळी केल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. विमा असेल तर सामान टाकण्याआधी फोटो काढायचे.

नुसत्या वासाने रोग होत नाही. आपत्तीत मृत्युमुखी पडलेल्यांच्या मृतदेहांमुळे साथी पसरतात ही समजूत चुकीची आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितलंय. पण रक्त आणि स्राव यांच्याशी थेट संपर्काची गोष्ट वेगळी आहे. हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान 7 दिवस तग धरू शकतो. म्हणून नायट्रिलचे हातमोजे दोन थरांत, डोळ्यांवर बंद गॉगल, पाय पूर्ण झाकणारे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे. एन-95 मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. तो घालूनही वास येणारच, त्यामुळे "मास्क बोगस आहे" म्हणून काढून टाकू नका. वायूसाठी सेंद्रिय वाफा शोषणारं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो.

वाळलेले डाग कोरड्या झाडूने झाडू नका, घरातला व्हॅक्यूम क्लीनरही फिरवू नका. दोन्हींनी ती धूळ हवेत उडते. आधी ओलं करा, मग टिपून घ्या. पंखा लावायचा असेल तर तो खिडकीत, तोंड बाहेर करून. खोलीच्या मधोमध ठेवलेला पंखा वास उरलेल्या घरभर नेतो.

पहिली तपासणी: आपलंच नाक

खर्च शून्य. माणसाचं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि सांगणं बंद करतं. दिवसभर त्या घरात राबलेल्या माणसाला "आता वास गेला" असं मनापासून वाटतं आणि ते खरं नसतं. आमच्यातला अनुभवी माणूससुद्धा काम संपल्यावर स्वतः निर्णय देत नाही.

घर संध्याकाळी बंद करा. दारं, खिडक्या, एक्झॉस्ट, सगळं. सकाळी, त्या कामात नसलेल्या एखाद्या माणसाला घेऊन जा. दार उघडल्यावर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत जे कळतं तेच खरं. मग एकेका खोलीत वेगळं जा आणि मधे दोन मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत उभे राहा. कपाटं, ओटा, पलंगाखाली, गुडघ्यांवर बसून जमिनीलगत. जिथे तीव्र वाटेल तिथे चिकटपट्टीने खूण करा.

दुसरी: एक बादली पाणी

ही तपासणी मी मुद्दाम इतकी वर ठेवलीय. घर अनेक दिवस बंद राहिलं की बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागातलं, पाणी वाळून जातं. साधारण 50 मिलिमीटर उंचीचं ते पाणीच गटारातल्या वायूला घरात यायला अडवत असतं. ते गेलं की सडक्या अंड्याचा वास थेट घरात. कुटुंबाच्या मनात एकच विचार असतो, त्यामुळे प्रत्येक दुर्गंध त्याच घटनेशी जोडला जातो.

एका घरात लोकांनी भिंत खरवडण्यापर्यंत मजल मारली होती. पहिल्या सफाईवाल्यांनी दोनदा पैसे घेतले होते. आम्ही बाथरूम, कपडे धुण्याची जागा आणि न वापरलेलं जुनं बेसिन, तिन्हीकडे एकेक बादली पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी घर शांत.

प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये, संडासात पाणी ओता. त्याच फेरीत फ्रिज उघडून पाहा. वीज तोडली असेल तर आतलं अन्न सडून दाराच्या रबरात आणि मागच्या पाण्याच्या ट्रेमध्ये वास धरतं. कचऱ्याचा डबा, माळ्यावर मेलेला उंदीर, फुलदाणीतलं पाणी, हेही बघून घ्या. मामुली वाटतं, पण वगळू नका.

तिसरी: मऊ सामान

पडदे, गालिचे, उशा, कपडे, पुस्तकं. यांच्यावर काही सांडलेलं नसतं, पण आठ-दहा दिवस बंद खोलीत राहून त्यांनी वाफा शोषलेल्या असतात आणि मग ती हळूहळू सोडत राहतात. हे सगळं दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर हलवा आणि मूळ खोली पुन्हा एक रात्र बंद ठेवा. खोलीतला वास गेला तर उत्तर मिळालं. तसाच राहिला तर निदान कपड्यांवरचा संशय संपला.

फक्त वास लागलेले कपडे धुऊन निघतात. डाग पडलेले असतील तर आधी थंड पाणी. कडक गरम पाण्यात प्रथिनं गोठून धाग्यात पक्की बसतात. स्राव मुरलेली गादी, सोफा, गालिचा मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नका. वरून कितीही स्वच्छ दिसला तरी फोम आतून स्वच्छ होत नाही.

पुस्तकं, पत्रं, फोटो यांच्याबाबत घाई नको. ते एकदा टाकून दिलं की परत मिळत नाही. कोरड्या, हवेशीर जागी सैल मांडून ठेवा. बंद डब्यात सक्रिय कोळशाच्या पिशव्यांसोबत काही आठवडे ठेवल्यावर पुष्कळ फरक पडतो. दर खेपेला आम्ही आधी विचारतो, "ठेवायचं काय?" आणि त्याचा ढीग वेगळा करतो. वडिलांची डायरी गादीबरोबर गेली म्हणून वर्षानुवर्षं हळहळणारी माणसं पाहिलीत.

चौथी: एसी आणि पंखे

एसी चालू असताना मृत्यू झाला असेल तर तीच हवा कित्येक दिवस त्याच यंत्रातून फिरलेली असते. जाळी काढून धुतली तरी मागच्या ओल्या कॉइलवर आणि ट्रेमध्ये थर बसलेला असतो. जाळी स्वतः धुवा. कॉइल आणि ट्रे एसीवाल्याकडून उघडून साफ करून घ्या, आणि त्याला खोलीत काय घडलं होतं ते आधी सांगा. त्याने मास्क-मोज्यांशिवाय हात घालू नये, हे सांगणं आपली जबाबदारी आहे. छताच्या पंख्याच्या पात्यांची वरची बाजू आणि दिव्यांचे ग्लोबही पुसा. तिथे माशांचे बारीक काळे ठिपके असतात आणि त्यांनाही वास असतो.

पाचवी: आधीची सफाई कोणत्या क्रमाने झाली

बहुतेक घरांत चूक इथेच सापडते. लोक पहिल्यांदा ब्लीच ओततात. घाणीचा थर जागेवर असताना ओतलेलं ब्लीच त्या घाणीशीच झगडून संपून जातं, जंतूंपर्यंत पोचत नाही. वर, सच्छिद्र पृष्ठभागात ब्लीचमधलं पाणी आत मुरतं आणि वासाच्या पदार्थाला आणखी खोल ओढून नेतं.

योग्य क्रम असा. आधी टिपून, खरवडून सगळं उचला. मग चरबी काढणारा साबण, घासून, दोनदा. मग स्वच्छ पाणी. त्यानंतर एन्झाइमचं द्रावण. यातले प्रोटीएज प्रथिनं तोडतात, लायपेज चरबी तोडतात. त्यांना वेळ आणि ओल दोन्ही लागतात. डब्यावर लिहिलेला वेळ, बऱ्याचदा काही तास, जागा ओली ठेवायची. वर प्लास्टिक अंथरलं की वाळत नाही. फवारून पाच मिनिटांत पुसलं तर एन्झाइमने काहीच केलेलं नसतं. आणि एन्झाइमच्या आधी ब्लीच मारलं असेल तर ते एन्झाइमलाच निकामी करतं, म्हणून आधी पाण्याने नीट धुवा.

सगळ्यात शेवटी निर्जंतुकीकरण. घरगुती ब्लीच साधारण 5 टक्के असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, म्हणजे 0.5 टक्के. रक्ताच्या जागेसाठी हेच प्रमाण वापरलं जातं. ते 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं, रोज ताजं करायचं.

ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. संडास साफ करायच्या आम्लाबरोबर किंवा व्हिनेगरबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. बंद खोलीत दोन्ही जिवावर बेतू शकतात. लघवी साचलेल्या जागेवर ब्लीच ओतलं तरी हाच त्रास होतो. "सगळं थोडं थोडं टाकून पाहिलं" असं कुणी फोनवर म्हणालं की मी आधी त्यांना घराबाहेर जायला सांगतो, बाकीचं नंतर विचारतो.

सहावी: उतार, सांधे आणि गोटी

द्रव उताराने जातो आणि जमीन दिसायला सपाट असली तरी नसते. डाग जिथे होता तिथे एक काचेची गोटी ठेवा आणि ती कुठे घरंगळते ते पाहा. आमच्या पिशवीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तिने सर्वांत जास्त जागा शोधून दिल्यात. माणूस पलंगाच्या उजवीकडे सापडलेलं असतं, सगळे उजवी बाजू घासत राहतात आणि द्रव डाव्या भिंतीच्या पट्टीमागे जाऊन बसलेला असतो.

गोटीच्या वाटेवर टॉर्च आडवा धरून सांधे पाहा. आजूबाजूच्या सांध्यांपेक्षा गडद, तेलकट चमक असलेले सांधे वेगळे ओळखू येतात. फरशीवर बोटाच्या पेराने किंवा नाण्याने ठोका. पोकळ आवाज येणाऱ्या फरशीखाली जागा आहे आणि जागा आहे तिथे द्रव साचू शकतो. भिंतीच्या कडेची पट्टी, दाराच्या चौकटीचं तळाचं टोक, कपाटाचे पाय, प्लायवूडची फुगलेली कड, हे सगळं बघा. जांभळा प्रकाश देणारा अतिनील टॉर्च असेल तर काही स्राव चमकतात, पण रक्त चमकत नाही, ते उलट काळं दिसतं. आणि साबण, ब्लीचचे डागही चमकतात. त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

माशांचे कोषही याच फेरीत सापडतात. अळ्या कोष करण्यासाठी मूळ जागेपासून लांब, कोरड्या अंधाऱ्या जागी सरपटत जातात. गालिच्याच्या कडेखाली, पट्टीच्या फटीत, कपाटाखाली गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी लांबट दाणे दिसले तर तेच. कीटकनाशकाचा धूर करण्याआधी ते वेचून पिशवीत बंद करा; कवचाच्या आत औषध फारसं पोचत नाही.

सातवी: प्लास्टिकचा चौकोन

संशयाच्या जागा तीन-चार उरल्या की प्रत्येकीवर साधारण दीड फूट लांबी-रुंदीचं जाड प्लास्टिक अंथरा आणि चारही कडा चिकटपट्टीने सील करा. एक चौकोन शंका नसलेल्या जागीही लावा, तुलनेसाठी. एक दिवस तसंच राहू द्या. मग एकेकाचा कोपरा उचला आणि हाताने हवा नाकाकडे ढकलून वास घ्या, थेट तोंड खाली घालू नका.

खोलीभर पसरलेला वास यामुळे जागेजागेला वेगळा होतो. एका चौकोनाखाली भपकारा आणि बाकीच्यांखाली काही नाही, तर फोडायची जागा तेवढीच. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब जमले असतील तर खाली ओल आहे, आणि ओल असेपर्यंत वर कुठलाही लेप टिकणार नाही. ही एक दिवसाची तपासणी न करता अख्खी खोली उखडलेली पाहिलीय. फोडाफोडीचा खर्च आणि त्या कुटुंबाचा मनस्ताप, दोन्ही वाचले असते.

इथे थांबा

इथपर्यंत केलेलं सगळं घरच्या माणसाला, नीट साधनांनिशी, करता येतं. इथून पुढे नाही. पुढचं काही आढळलं तर हात थांबवा आणि मृत्यूनंतरची किंवा जैविक सफाई करणाऱ्या प्रशिक्षित लोकांना बोलवा.

स्राव फरशीखाली, लाकडी जमिनीखाली, भिंतीच्या गिलाव्यात किंवा खालच्या मजल्याच्या छतात पोचलाय. स्विचबोर्डात किंवा वायरिंगच्या नळीत गेलाय; इथे आधी मुख्य वीज बंद करायची. मृत्यू कळायला कित्येक दिवस लागले होते आणि पहिली सफाई प्रशिक्षित माणसांनी केलेली नव्हती. मोठ्या जागेवर रक्त सांडलंय. सुया किंवा धारदार वस्तू आहेत. गेलेल्या व्यक्तीला संसर्गजन्य आजार होता. मृत्यू कीटकनाशक, वायू किंवा कुठल्या रसायनाने झाला असण्याची शंका आहे; अशा वेळी तर खोलीत जाऊच नका, आधी पोलिसांना आणि अग्निशमन दलाला कळवा. काम करताना डोकं दुखलं, डोळे चुरचुरले, मळमळलं, तरी बाहेर या आणि परत जाऊ नका.

यात मी माझ्याकडून आणखी एक कारण जोडतो. गेलेलं माणूस तुमचं जवळचं असेल तर पहिली तपासणीसुद्धा दुसऱ्याकडून करून घ्या. आईची खोली स्वतःच्या हाताने घासणं हे आपलं कर्तव्य आहे असं वाटणारी मुलं मी पाहिलीत, आणि ती खोली त्यानंतर त्यांच्या डोळ्यांसमोरून कशी जात नाही तेही पाहिलंय. हे काम परक्या माणसाने करण्यात प्रेम कुठेही कमी पडत नाही.

येणारे लोक काय करतील, आणि काय विचारायचं

चांगला गट आल्याआल्या यंत्र सुरू करत नाही. तो तुमच्यासारखाच आधी वास शोधतो. मग भिजलेली फरशी उचलतो, खालचा थर काढतो, गिलावा डागाच्या कडेपासून थोडा पलीकडेपर्यंत खरवडतो, लाकूड कापून काढतो. काँक्रीट काढता येत नाही. ते घासून, चरबी काढून, एन्झाइम देऊन, पूर्ण वाळवून मग सील केलं जातं. लाकूड आणि गिलाव्यावर शेलॅकचा (लाखेपासून केलेल्या लेपाचा) थर चालतो, काँक्रीटवर इपॉक्सी हा कडक रेझिनचा लेप. साधा पाण्याचा रंग वासाला अडवत नाही, म्हणूनच डाग आणि वास दोन्ही त्यातून वर येतात. शेलॅकमध्ये स्पिरिट असतं, ते लावताना आणि वाळेपर्यंत घरात ज्योत नको.

ओझोनच्या यंत्राबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण विकायला सगळ्यात सोपी वस्तू तीच आहे. मूळ पदार्थ काढल्यावर, हवेत आणि कपड्यांत उरलेल्या वासासाठी ओझोनचा उपयोग होतो. पदार्थ आत असताना ओझोन फक्त वर आलेल्या वाफा जाळतो आणि यंत्र बंद झालं की खालून नव्या वाफा येतात. अमेरिकेत कामगारांसाठी 8 तासांची मर्यादा 0.1 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 0.1 भाग) आहे, आणि माणसाला सुरक्षित अशा पातळीवर ओझोन वासाचं फारसं काही करू शकत नाही. म्हणजे तो उपयोगी पडेल इतका असेल तेव्हा घरात माणूस, पाळीव प्राणी, झाडं काहीही नको. रबर आणि काही रंगही त्याने खराब होतात. "दोन तास यंत्र लावतो, काम झालं" असं कुणी फरशीकडे न बघताच सांगितलं, तर त्यांना आभार मानून परत पाठवा.

त्यांना हे विचारा. उगम कुठे आहे आणि तो तुम्ही कसा ठरवला? काय काढून टाकणार, त्याची लेखी यादी द्याल का? भिजलेला माल कुठे जाणार, जैविक कचऱ्याची परवानगी कुणाकडे आहे? फरशी उघडल्यावर खालचे फोटो दाखवाल का? स्वच्छ झालं हे कशावरून सांगणार? काही जण एटीपी मीटर वापरतात. तो पृष्ठभागावर उरलेला सेंद्रिय अंश आकड्यात दाखवतो. जंतू कोणता हे तो सांगत नाही, पण सफाईआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला की फरक कळतो.

पैसे देण्याआधी बंद घराची तपासणी ठरवून घ्या आणि ती कामाच्या कागदावर लिहून घ्या. काम संपल्यावर दोन दिवस हवा खेळू द्या. मग शक्य तितक्या गरम दिवशी घर 24 तास पूर्ण बंद. कुठलाही सुगंध, कापूर, फवारा नको. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी आहे याची खात्री करा. दुसऱ्या दिवशी त्या कामाशी संबंध नसलेल्या दोन माणसांना वेगवेगळं आत पाठवा आणि एकमेकांशी बोलण्याआधी दोघांकडून लिहून घ्या. आठवड्याने पुन्हा एकदा हेच करा, कारण वाळत आलेलं काँक्रीट आणि लाकूड आपला वास उशिरा सोडतं. दोन्ही वेळा काही आलं नाही की मग रंग, मग नवी फरशी, आणि सगळ्यात शेवटी त्या माणसाचं ठेवायचं म्हणून वेगळं काढलेलं सामान परत आत.